लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाचा फोन

२०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक बातमी छापली. अमेरिकेत जनरल मोटर्सची गाडी चालवणाऱ्या एका माणसाचा विम्याचा हप्ता एकदम २१ टक्क्यांनी वाढला होता. अपघात नाही, दंड नाही, काहीच नाही. दुसऱ्या विमा कंपन्यांकडे चौकशी केली, तर त्यांचेही दर चढेच. शेवटी त्याने लोकांची माहिती गोळा करून विमा कंपन्यांना विकणाऱ्या लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडून स्वतःबद्दलचा अहवाल मागवला. त्यात मागच्या सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्यांची नोंद होती. गाडी कधी सुरू झाली, कधी थांबली, किती अंतर गेली, किती वेळा जोरात ब्रेक दाबला, सगळं. गाडी कुठे गेली एवढं मात्र त्यात नव्हतं. ही माहिती गाडीनेच कंपनीला कळवली होती आणि तिथून ती पुढे गेली होती.

या माणसाकडे लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. खासगीपणाचा विषय निघाला की बहुतेक जण म्हणतात, "मी कुठे चोऱ्या करतो? बघेना का कोणी." यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: बघणारा फक्त गुन्हा शोधतोय आणि गुन्हा नाही म्हटल्यावर तो निघून जाईल. प्रत्यक्षात बघणाऱ्याला गुन्ह्यात काडीचा रस नसतो. त्याला किंमत ठरवायची असते, कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायचं असतं, काय विकता येईल याचा अंदाज घ्यायचा असतो. आपण एका कामासाठी दिलेली माहिती भलत्याच टेबलावर पोचते आणि तिथे बसलेला माणूस तिच्यावरून आपल्याबद्दल निर्णय घेतो. त्या टेबलाशी आपलं बोलणंही होत नाही. साध्या माणसाला बसणारा फटका साधारण असा असतो.

तुम्ही म्हणाल, ती गाडी होती, फोनचा काय संबंध? २०२५ च्या जानेवारीत टेक्सास राज्याने ऑलस्टेट या विमा कंपनीवर आणि तिच्या ॲरिटी या उपकंपनीवर खटला भरला. आरोप असा की ॲरिटीने लोकांच्या फोनमधल्या नेहमीच्या ॲप्समध्ये आपला कोड बसवून घेतला आणि त्यातून कोण कसं वाहन चालवतं याची माहिती गोळा केली. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण हे तंत्र काही जगावेगळं नाही, आणि ते चालतं कसं हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

माहिती बाहेर जाते कशी

फुकटचं हवामानाचं ॲप बनवणारा माणूस त्यातला सगळा कोड स्वतः लिहीत नाही. नकाशा दाखवणं, जाहिराती लावणं, ॲप कुठे बंद पडतं ते मोजणं, अशा कामांसाठी तो दुसऱ्या कंपन्यांचे तयार कोडसंच आणून बसवतो. यांना एसडीके म्हणतात. आता गंमत अशी की तुम्ही हवामानाच्या ॲपला लोकेशनची परवानगी दिलीत, की ती आतल्या प्रत्येक एसडीकेला मिळते. फोनच्या दृष्टीने तो ॲपचाच एक भाग. पडद्यावर तुम्हाला एकच नाव दिसतं, आत पाच-सहा कंपन्या बसलेल्या असू शकतात. काही वेळा ॲप बनवणाऱ्यालाही आपण काय आत घेतलंय याची पूर्ण कल्पना नसते. फ्लो हे मासिक पाळीची नोंद ठेवणारं ॲप. आरोग्याची माहिती कोणाला देणार नाही असं सांगूनही ते अशाच कोडसंचांमधून ती फेसबुक आणि गुगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचवत होतं, असा ठपका ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२१ मध्ये त्या प्रकरणात तडजोड झाली.

दुसरा धागा म्हणजे जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक. ॲपलने तो २०१२ मध्ये आणला आणि गुगलचाही मागोमाग आला. त्यात तुमचं नाव नसतं, नुसते आकडे-अक्षरं. पण तुमच्या फोनमधली सगळी ॲप्स तोच क्रमांक सांगत असली, तर खेळाच्या ॲपमधली, बातम्यांच्या ॲपमधली आणि हवामानाच्या ॲपमधली माहिती एका माळेत ओवता येते.

तिसरा धागा मला सर्वांत विचित्र वाटतो. ॲपमध्ये जाहिरातीची जागा रिकामी झाली की पापणी लवायच्या आत तिचा लिलाव होतो. कोणाची जाहिरात दाखवायची हे ठरवण्यासाठी तुमच्याबद्दलची थोडी माहिती अनेक कंपन्यांकडे धाडली जाते: फोन कोणता, साधारण कुठे आहे, वापरणाऱ्याची आवड काय असावी. लिलाव एकच कंपनी जिंकते, पण माहिती सगळ्यांच्या हाती पडते. काही कंपन्या जाहिरात द्यायला येतच नाहीत, फक्त ही माहिती साठवायला येतात आणि पुढे विकतात.

"पण ती निनावी असते ना?" कागदोपत्री, हो. २०१३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांतल्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. एखादी व्यक्ती कुठे आणि केव्हा होती अशा फक्त चार नोंदी मिळाल्या, तर ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे ओळखता येतात असं निघालं. विचार केला तर यात नवल नाही. रात्री तुमच्या घरी आणि दिवसा तुमच्या कचेरीत असणारा फोन जगात दुसऱ्या कोणाचा असणार? २०१९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हाती अशीच एक फाइल आली होती, १ कोटी २० लाखांहून जास्त फोनच्या ५० अब्जांहून जास्त नोंदींची. नाव एकही नाही. तरी पत्रकारांनी त्यातून माणसं शोधून काढली.

२०२१ मध्ये हेच एका व्यक्तीच्या बाबतीत घडलं. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या संघटनेच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला, कारण एका प्रकाशनाने बाजारात मिळणारा 'निनावी' डेटा मिळवून त्याच्या फोनवरचा डेटिंग ॲपचा वापर उघड केला. पोलीस नाहीत, वॉरंट नाही, हॅकिंगही नाही. माहिती विकत मिळत होती, एवढं पुरलं.

आणि जिथे ती साठते तिथून ती सांडतेही. लोकेशनचा धंदा करणारी ग्रेव्ही ॲनालिटिक्स ही कंपनी २०२५ च्या सुरुवातीला हॅक झाली आणि असंख्य लोकांच्या हालचालींचे तपशील बाहेर पडले. त्यातल्या बहुतेकांनी त्या कंपनीचं नाव आयुष्यात ऐकलं नसेल.

मुळात साठवूच नये

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये एका तरुणाला २०२० मध्ये गुगलकडून ईमेल आली की पोलिसांनी तुमच्या खात्याची माहिती मागितली आहे. झालं होतं असं की जवळच्या एका घरात चोरी झाली होती. त्या वेळी त्या परिसरात कोणते फोन होते, याची यादी पोलिसांनी गुगलकडे मागितली. हा तरुण व्यायामाच्या ॲपवर सायकलच्या फेऱ्या मोजायचा, त्यासाठी लागणारं लोकेशन गुगलकडेही नोंदलं जात होतं, आणि त्या दिवशी तो त्या घरावरून तीनदा गेला होता. संशयिताच्या यादीत नाव जायला तेवढं पुरेसं ठरलं. त्याच्या आईवडिलांच्या बचतीतून वकील लावावा लागला, तेव्हा कुठे तो सुटला. इथे कोणी दुष्टपणा केला असंही म्हणता येत नाही. ॲपने आपलं काम केलं, पोलिसांनी आपलं. साठवलेली माहिती कोणीतरी कधीतरी मागणारच.

गुगलने २०२३ च्या अखेरीस जाहीर केलं की हालचालींचा हा इतिहास यापुढे आपल्या सर्व्हरवर न ठेवता वापरकर्त्याच्या फोनवरच ठेवला जाईल. माहितीच नाही म्हटल्यावर ती द्यायची कुठून? खासगीपणा जपणाऱ्या सगळ्या चांगल्या सॉफ्टवेअरची हीच तर मेख आहे. "आम्ही तुमची माहिती जपून ठेवू" हे आश्वासन झालं. अँटीव्हायरस बनवणाऱ्या अवास्टनेही ते दिलं होतं. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आली. "आमच्याकडे तुमची माहितीच नाही" ही मात्र रचना झाली. मी तरी आश्वासनापेक्षा रचनेवर विसंबेन.

सिग्नल या मेसेजिंग ॲपचं उदाहरण यासाठी नेहमी देतात, आणि ते योग्यच आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नल बनवणाऱ्या संस्थेकडे वापरकर्त्याची माहिती मागितली. देता आल्या त्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सॲपही २०१६ पासून संदेशांसाठी सिग्नलचंच एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही मजकूर वाचता येऊ नये असं कुलूप) वापरतं, म्हणजे मजकूर दोन्हीकडे सारखाच बंद. फरक पाकिटाचा आहे. पत्र चिकटवलेलं असलं तरी कोणी कोणाला, कधी, किती वेळा पाठवलं हे पाकिटावरून कळतं. ते पाकीट सिग्नल शक्यतो कोरं ठेवायचा प्रयत्न करतं. शिवाय सिग्नल हे ॲप एक ना-नफा संस्था चालवते, त्यामुळे जाहिरातींसाठी ते पाकीट वाचायची तिला गरजही नाही.

फोन बदलून काय साधतं

ॲप्स निवडता येतात, काढून टाकता येतात. पण सगळ्यांच्या खाली ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि कोणत्या ॲपला काय दिसावं हे ती ठरवते. ती स्वतःच बोलकी असेल तर वरच्या सेटिंग किती बदलणार? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये २०२१ मध्ये तपासणी झाली. नुसता पडून असलेला फोन, अँड्रॉइड असो की आयफोन, सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीशी संपर्क साधतो असं त्यात दिसलं. अँड्रॉइडकडून गुगलला जाणारा डेटा ॲपलच्या मानाने कितीतरी जास्त होता. गुगलने मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि त्यातला काही भाग अपडेट तपासण्यासारख्या गरजेच्या कामांचा असतो हे खरंच. तरीही त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सॅमसंग, शाओमी, रिअलमी, हुआवे या फोनांवरची अँड्रॉइडची रूपं तपासली, तेव्हा तीही बरंच काही पाठवताना आढळली. याला उल्लेखनीय अपवाद होता ई ओएस, म्हणजे गुगलच्या सेवा काढून टाकलेलं अँड्रॉइडचं एक रूप. म्हणजे एवढी माहिती न पाठवताही फोन चालू शकतो.

'खासगी फोन' म्हणजे काही वेगळं यंत्र असतं असं नाही. बहुतेक वेळा नेहमीचाच फोन, त्यावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम. त्यातली ग्राफीनओएस सर्वांत काटेकोर मानली जाते. ती वाढली ती गुगलच्या पिक्सेल फोनवर. गुगलपासून सुटण्यासाठी गुगलचाच फोन घ्यायचा, हा विनोद या वर्तुळात जुना झालाय. त्याला कारण आहे. पिक्सेलवर वेगळी सिस्टीम घातल्यानंतरही बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा भाग) पुन्हा कुलूपबंद करता येतो आणि आतली सुरक्षा-चिप पूर्ण काम करते. बहुतेक फोनांवर हे जमत नाही.

ग्राफीनओएस काय करते हे पाहिलं की नेहमीच्या फोनमध्ये काय नव्हतं ते लक्षात येतं; यातलं काही अलीकडे तिथेही आलंय. एखाद्या ॲपचं इंटरनेटच बंद करता येतं. कॅल्क्युलेटरला इंटरनेट कशाला हवं? एखादं ॲप सगळे कॉन्टॅक्ट मागत अडून बसलं, तर त्याला निवडक दोन नावं दाखवता येतात किंवा रिकामी यादी. ॲपला वाटतं परवानगी मिळाली. गुगल प्लेही घालता येतं, पण साध्या ॲपसारखं, खास अधिकार नसलेलं. फोन बराच वेळ कुलूपबंद राहिला तर तो आपणहून रीस्टार्ट होतो, म्हणजे चोरीला गेलेल्या फोनमधून माहिती काढणं अवघड होतं.

ई ओएस त्या मानाने सौम्य. ती आधीच घातलेले तयार फोन मिळतात, घरातल्या कमी तंत्रप्रेमी माणसालाही झेपते. पण सुरक्षा अपडेट उशिरा येतात अशी टीका तिच्यावर होते आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. माहिती न पाठवणारा पण भोकं असलेला फोन काय कामाचा? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे, मायक्रोफोन-कॅमेरा बटणाने खटकन बंद करता येणारे फोनही आहेत. ते छंद म्हणून उत्तम. रोजच्या वापराला मी कोणाला सुचवणार नाही.

मग आयफोन? मधला मार्ग म्हणून वाईट नाही. २०२१ मध्ये ॲपलने प्रत्येक ॲपला "माग काढू का?" असं विचारणं भाग पाडलं. बहुतेकांनी नाही म्हटलं आणि त्या बदलाने २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज फेसबुकच्या मालक कंपनीने दिला. एका प्रश्नाच्या खिडकीची ही ताकद. त्यावरून आपल्या हालचालींची किंमत काय आहे याचाही अंदाज येतो. पण ॲपलचा स्वतःचा जाहिरातींचा धंदा आहेच. आयफोनवर वापरणाऱ्याने काही न निवडताच गुगल सर्च मिळावं म्हणून गुगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. आणि ॲपल देते ते ॲपल काढूनही घेऊ शकते. क्लाउडवरच्या बॅकअपचं पूर्ण एन्क्रिप्शन ब्रिटनमध्ये सरकारच्या दबावामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं.

काय साधत नाही

सिम घातलेला कोणताही फोन टॉवरशी बोलतो आणि तुम्ही कुठे आहात हे मोबाइल कंपनीला कळतं. ग्राफीनओएस असो की आणखी काही, यावर तोडगा नाही. ही माहितीही विकली गेली आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या मोबाइल कंपन्यांना त्याबद्दल २०२४ मध्ये मिळून सुमारे २० कोटी डॉलरचा दंड झाला. व्हीपीएनच्या (तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या सेवेच्या) जाहिराती काहीही सांगोत, व्हीपीएन घेतल्यावर तुमचं ब्राउझिंग इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसतं, मुख्यतः एवढंच. ती जास्त भरवशाची असेल तरच उपयोग. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी तर फक्त तुमच्याच फोनवर इतिहास ठेवत नाही, वेबसाइटपासून काही लपवत नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेललाही २०२१ मध्ये एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) तिथल्या कायद्यानुसार नोंदवून द्यावा लागला. मेलमधला मजकूर मात्र ती देऊ शकली नाही, कारण तो तिलाच वाचता येत नव्हता.

आणि तुम्ही कितीही जपलंत तरी मित्राने आपली सगळी फोनबुक एखाद्या ॲपला दिली की तुमचा नंबर गेलाच. याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही: तुमच्या फोनमध्ये तुमच्याइतकीच इतरांची माहिती असते. डॉक्टरांचा नंबर, मुलांचे फोटो, कोणीतरी विश्वासाने पाठवलेला मेसेज. ती वाटून टाकायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून "मला काही फरक पडत नाही" हे वाक्य मला अपुरं वाटतं. स्वतःपुरतं ते ठीक असेलही.

किंमतही सांगायला हवी. वेगळी सिस्टीम घातली की काही बँकांची आणि पेमेंटची ॲप्स चालत नाहीत, कारण फोन गुगलने प्रमाणित केलेला आहे का हे ती तपासतात. गुगल प्ले नसेल तर काही ॲप्सच्या सूचना उशिरा येतात किंवा येतच नाहीत. घड्याळाशी किंवा गाडीशी जोडणी, कॅमेऱ्याची करामत, काहीतरी कुरकुरतं. पहिले काही आठवडे वैतागाचे जातात, आणि हे आधी न सांगणाऱ्या उत्साही मित्रामुळेच बरेच लोक फोन बदलून पुन्हा जुन्यावर येतात.

म्हणून सुरुवात फोनपासून करू नये असं माझं मत. अँड्रॉइड १२ पासून जाहिरातीचा ओळखक्रमांक सेटिंगमध्ये जाऊन कायमचा काढून टाकता येतो. हे काम एका मिनिटाचं आणि तोटा शून्य. मग लोकेशनच्या परवानग्या: कोणाला 'वापरतानाच', कोणाला 'अंदाजे ठिकाण' आणि बऱ्याच जणांना काहीच नाही. हवामान सांगायला शहर कळलं तरी पुरतं. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं जोडसॉफ्टवेअर घातलं की जाहिरातींबरोबर माग काढणारे कोडही अडतात आणि पानं हलकी होतात. हा बदल न आवडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. जवळच्या दोन-चार माणसांशी बोलणं सिग्नलवर न्यावं. सगळ्या जगाला ओढत बसू नये. ज्यांची वेबसाइट ब्राउझरमध्ये नीट चालते त्यांची ॲप्स काढून टाकावीत, कारण ब्राउझरला फोनमधलं फार कमी दिसतं.

एवढ्यावर थांबलात तरी बरीच गळती कमी होते. पुढे जायचं असेल तर सध्याचा फोन बदलायची वेळ येईपर्यंत थांबा, मग नवा निवडताना सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी विचारा आणि वेगळी सिस्टीम त्यावर घालता येते का हे नंतर. तुमच्या बँकेचं ॲप ग्राफीनओएसवर चालतं की नाही, याच्या वापरकर्त्यांनी केलेल्या याद्या इंटरनेटवर सापडतात. त्या फोन घेण्याआधी बघा. आणि जुना फोन महिनाभर विकू नका. अडलंच तर बँकेपुरता तो घरी ठेवून नवा खिशात वागवणारे बरेच जण आहेत.